फाइलवरची पाटी आणि फाइलचं कुलूप : विंडोजमधली अ‍ॅट्रिब्यूट्स

पेन ड्राइव्ह लावला, उघडला, आत काहीच नाही. पण ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या तर 6 जीबी जागा वापरलेली दिसते. किंवा फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, आकार जेमतेम 1-2 केबी, आणि डबल क्लिक केलं की क्षणभर एक काळी खिडकी चमकून जाते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार ‘सगळं उडालं’ असा असतो आणि दुसरा ‘फॉरमॅट मारू’ असा. नुकसान खरं तर त्या फॉरमॅटने होतं. फाइल जागेवरच असते, फक्त तिच्यावरची पाटी बदललेली असते.

या पाटीलाच अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर ती कशी वाचायची, कशी बदलायची आणि तिच्यावर कुठपर्यंत विसंबायचं, ते इथे पाहू. एक सूचना आधीच: पुढच्या सगळ्या आज्ञा फोनवर कुणाला सांगाव्यात तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची. ‘अ‍ॅट्रिब’ म्हणजे ए, टी, टी, आर, आय, बी. अक्षरं लहान की मोठी याने फरक पडत नाही. जागा सोडण्याने मात्र पडतो.

पाटी लिहिलेली असते कुठे

ही सोय डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या काळापासूनची आहे. अ‍ॅट्रिब ही आज्ञा 1984 च्या डॉस 3.0 मध्ये आली आणि आजच्या विंडोज 11 मध्येही ती त्याच नावाने चालते. डिस्कवर फायली नोंदवून ठेवण्याच्या, पेन ड्राइव्हवर अजूनही दिसणाऱ्या फॅट32 पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद 32 बाइटची असते. पहिले 11 बाइट नावाचे, 8 नावाला आणि 3 एक्स्टेन्शनला. बारावा बाइट अ‍ॅट्रिब्यूटचा. त्यात प्रत्येक गोष्टीला एक किंमत ठरलेली आहे: रीड-ओन्ली 1, हिडन 2, सिस्टम (विंडोजच्या स्वतःच्या फायलींची खूण) 4, डिस्कचं नाव 8, फोल्डर 16, आर्काइव्ह 32. ज्या लागू असतील त्यांची बेरीज त्या बाइटमध्ये असते.

आता तो रिकामा दिसणारा पेन ड्राइव्ह आठवा. तुमच्या फोटोंच्या फोल्डरचा हा बाइट आधी 16 होता. व्हायरसने त्यावर हिडन आणि सिस्टम चढवलं, 16 चे 22 झाले. बस्स, एवढंच. एकही फोटो हललेला नाही.

या बेरजेची आणखी एक गंमत आहे. 1995 मध्ये विंडोज 95 ने लांब नावांची सोय दिली तेव्हा त्या नावांसाठी जादा नोंदी ठेवाव्या लागल्या. जुन्या प्रोग्रॅमनी त्यांना हात लावू नये म्हणून त्यांच्यावर 1, 2, 4 आणि 8 चारही एकदम लावले, म्हणजे 15. खऱ्या फाइलवर अशी बेरीज कधी येतच नाही, म्हणून जुने प्रोग्रॅम त्या नोंदी सोडून पुढे जात.

कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर सहसा एनटीएफएस पद्धत असते. तिथे हीच अ‍ॅट्रिब्यूट्स आहेत आणि वर आणखी काही. तिथे पाटीशिवाय खरं कुलूपही असतं, ते पुढे येईल.

पाटी वाचायची कशी

ज्या फोल्डरमध्ये पाहायचं तो एक्सप्लोररमध्ये उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करा, ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. नुसतं ‘अ‍ॅट्रिब’ लिहून एंटर दाबलं की आतल्या फायलींची यादी येते आणि प्रत्येकीच्या डावीकडे अक्षरं दिसतात. ए म्हणजे आर्काइव्ह, एस सिस्टम, एच हिडन, आर रीड-ओन्ली. या यादीत फोल्डर येत नाहीत. ते हवे असतील तर ‘अ‍ॅट्रिब *.* /डी’ असं लिहा. नुसती नावं बघायची असतील तर ‘डिर /ए’ लपवलेलंही सगळं दाखवते, साधी ‘डिर’ दाखवत नाही.

फायलींची नावं मराठीत ठेवणाऱ्यांना इथे एक धक्का बसतो: जुन्या काळ्या खिडकीत देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. घाबरू नका, नाव बिघडलेलं नाही, त्या खिडकीला ते रेखाटता येत नाही इतकंच. नाव टाइप करत बसण्यापेक्षा फाइल एक्सप्लोररमधून उचलून त्या खिडकीत टाका, पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. खिडकी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडली असेल तर मात्र असं उचलून टाकता येत नाही.

पेन ड्राइव्हवरचं लपलेलं परत आणणं

क्रम महत्त्वाचा आहे. बाण असलेल्या फोल्डरवर डबल क्लिक करू नका. तो फोल्डर नसून शॉर्टकट आहे आणि उघडताना आधी व्हायरसला चालवतो. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट वाचलंत तर तिथे सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट असं काहीतरी सापडेल. आधी अँटिव्हायरसने कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही तपासा. व्हायरस चालू असताना पाट्या काढल्या तर मिनिटाभरात तो त्या परत लावतो, आणि आज्ञा चालली नाही असा आपला समज होतो.

मग पेन ड्राइव्हचं अक्षर पाहा. समजा ते ‘ई’ आहे. काळ्या खिडकीत लिहा:

अ‍ॅट्रिब -एच -एस -आर ई:\*.* /एस /डी

इथे एस दोनदा आला आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. वजाबाकीच्या चिन्हाचा एस म्हणजे सिस्टमची पाटी काढ. तिरक्या रेघेचा एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरमध्ये जा. /डी म्हणजे फायलींबरोबर फोल्डरच्या पाट्याही बदल. सर्वांत जास्त चूक या /डी पाशी होते. ते राहिलं तर आज्ञा बिनतक्रार चालते, फायली मोकळ्या होतात, पण फोल्डर लपलेलेच राहतात, आणि व्हायरसने लपवलेले असतात ते बहुधा फोल्डरच. चिन्ह आणि अक्षर यांच्यात जागा सोडली, म्हणजे ‘- एच’ असं लिहिलं, तर पॅरामीटरचा फॉरमॅट चुकल्याचा संदेश येतो. पत्त्यातली तिरकी रेघ \ अशी आणि सूचनांची / अशी, हेही नीट पाहा. नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घाला.

तीन पाट्या एकदम का काढायच्या, यालाही कारण आहे. फाइलवर एच किंवा एस असताना तुम्ही फक्त आर काढायला गेलात तर अ‍ॅट्रिब नकार देते आणि ‘नॉट रीसेटिंग हिडन फाइल’ असं सांगते. आधी ते हटवा किंवा सगळं एकाच आज्ञेत लिहा. प्रॉपर्टीजच्या खिडकीतून हे काम होत नाही त्याचंही कारण जवळपास हेच: सिस्टमची पाटी असली की तिथली हिडनची चौकट फिकट होते, टिक काढता येत नाही.

आज्ञा संपली की पेन ड्राइव्ह पुन्हा उघडा. आता फोल्डर दिसतील. कधी कधी नाव नसलेला एक फोल्डर दिसतो. काही व्हायरस सगळा माल अशा, नावाच्या जागी न दिसणारं अक्षर असलेल्या फोल्डरमध्ये ढकलतात. तुमचं सामान त्यातच असेल, तो पुसू नका. आतलं बाहेर काढा, मगच त्याला निरोप द्या. बाणवाले शॉर्टकट आणि ‘ऑटोरन’ नावाची आयएनएफ फाइल असेल तर ती पुसा. ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर उघडा पडला असेल तर तो विंडोजचा आहे, तसाच राहू द्या. डोळ्यांत खुपत असेल तर त्यावर +एच +एस लावून परत झाका.

हीच आज्ञा सी ड्राइव्हवर चालवू नका

पेन ड्राइव्हवर जमलं म्हणून कॉम्प्युटरवरही ‘एकदा सगळं स्वच्छ करू’ असं अनेकांना वाटतं. सी ड्राइव्हवर /एस /डी सकट हे केलं तर विंडोजने मुद्दाम झाकलेल्या शेकडो गोष्टी उघड्या पडतात. डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप.आयएनआय’ नावाच्या दोन फायली येतात: एक तुमच्या डेस्कटॉपची, दुसरी सगळ्या वापरकर्त्यांसाठीच्या सामाईक डेस्कटॉपची. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’सारखे फोल्डर दिसू लागतात आणि उघडायला गेलात की ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. ते फोल्डर नाहीतच, जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेले दिशादर्शक आहेत.

आणि सर्वांत चक्रावणारं म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की दर वेळी नोटपॅड आपोआप उघडतं आणि त्यात ‘शेलक्लासइन्फो’ने सुरू होणाऱ्या दोन-तीन ओळी दिसतात. लोक याला व्हायरस समजतात. तो व्हायरस नाही. स्टार्टअप फोल्डरमध्येही एक डेस्कटॉप.आयएनआय असते, तिच्यावरची हिडन-सिस्टमची पाटी गेल्यामुळे विंडोज तिला ‘सुरुवातीला उघडायची फाइल’ समजून उघडतं. उपाय साधा आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘शेल:स्टार्टअप’ लिहून तो फोल्डर उघडा, पत्त्याच्या पट्टीतून काळी खिडकी काढा आणि:

अ‍ॅट्रिब +एच +एस डेस्कटॉप.आयएनआय

‘शेल:कॉमन स्टार्टअप’ या दुसऱ्या फोल्डरमध्येही हेच करावं लागतं. तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतील.

हिडन आणि सिस्टम या दोन पाट्या एकत्र असण्याचा अर्थ वेगळा होतो, तो इथे लक्षात घ्या. विंडोज 11 मध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स असं निवडलं तरी फक्त एच असलेल्या फायली दिसतात. एच आणि एस दोन्ही असलेल्या दिसायला फोल्डर ऑप्शन्समधल्या व्ह्यू पानावरची ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ ही टिक काढावी लागते. काम झालं की ती परत लावा.

खासगी कागद लपवायला हिडन वापरू नका. ही पाटी पाळायची की नाही ते बघणारा प्रोग्रॅम ठरवतो. तोच पेन ड्राइव्ह लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावला तर सगळं उघड दिसतं.

रीड-ओन्ली : काय थांबवते, काय नाही

फाइलवर आर लावला की तिच्या आतला मजकूर बदलता येत नाही. वर्ड किंवा नोटपॅडमध्ये सेव्ह करायला गेलात की वेगळ्या नावाने सेव्ह करा असं म्हणतात. हा तिचा खरा उपयोग. सोसायटीच्या पावतीचा नमुना, अर्जाचा मसुदा, दर महिन्याच्या हिशेबाचं कोरं पान अशा मूळ फायलींवर आर लावून ठेवा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रीड-ओन्लीवर टिक. मग कुणी घाईत त्यातच भरून सेव्ह केलं तरी मूळ नमुना शाबूत राहतो.

ती काय थांबवत नाही, हेही माहीत हवं. नाव बदलता येतं, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवता येतं. काळ्या खिडकीत ‘डेल’ने पुसायला गेलात तर अडते, पण ‘डेल /एफ’ने पुसली जाते, आणि पूर्ण फोल्डर ‘आरडी /एस’ने उडवला तर आतल्या रीड-ओन्ली फायलीही जातात. एक्सप्लोररमधून, फार तर एकदा विचारून, ती सरळ रिसायकल बिनमध्ये जाते. चुकून बदल होऊ नये एवढ्यापुरती ती राखण आहे. चुकून पुसण्यापासून वाचवायचं असेल तर दुसरीकडे प्रत ठेवण्याला पर्याय नाही.

फोल्डरच्या बाबतीत तर हा सगळा अर्थच बदलतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीसमोर टिक नसून भरलेला चौकोन दिसतो. तो काढून ओके केलं, पुन्हा उघडलं, की चौकोन परत हजर! हा बिघाड नाही. विंडोज फोल्डरवरचा आर ‘या फोल्डरचं खास चिन्ह किंवा नाव ठरवलेलं आहे, आतली डेस्कटॉप.आयएनआय वाच’ या खुणेसाठी वापरतं. त्याने आत लिहिणं अडत नाही. तो चौकोन म्हणजे ‘आतल्या फायलींचं काय करायचं’ हा प्रश्न आहे. फोल्डरची अवस्था तो सांगतच नाही. फोल्डरमध्ये सेव्ह होत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा.

वर्ड फाइलच्या नावापुढे ‘रीड-ओन्ली’ दिसलं म्हणजे ही पाटीच आहे असंही नाही. फाइल दुसऱ्या कुणी उघडलेली असेल तरी तेच दिसतं. वर्ड फाइल उघडताना शेजारी ~$ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल बनवतं, बहुतेक वेळा मूळ नावाची पहिली दोन अक्षरं खाऊन. वीज गेली किंवा वर्ड अडकून बंद पडलं तर ती मागे राहते आणि फाइल कुणीतरी वापरतंय असं भासतं. वर्ड पूर्ण बंद करून ती छोटी फाइल पुसली की काम होतं. मेलवरून आलेल्या फाइलवर पिवळी पट्टी येते ते तिसरंच प्रकरण: इंटरनेटवरून आल्याची ती खूण असते. पाठवणारा ओळखीचा आणि फाइल अपेक्षित असेल तरच प्रॉपर्टीजच्या जनरल पानावर तळाशी ‘अनब्लॉक’ करा.

आर्काइव्ह : बॅकअपची खूण

नवी फाइल बनली किंवा जुनी बदलली की विंडोज तिच्यावर ए लावतं. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ए असलेल्या फायली उचलतो आणि ए काढतो. पुढच्या वेळी ज्यांच्यावर पुन्हा ए लागला असेल, त्याच उचलायच्या. ‘एक्सकॉपी’ आज्ञेत /एम हे काम करतं. /ए नुसती प्रत घेतं, खूण तशीच ठेवतं.

कल्पना चांगली आहे, पण घरी तिच्यावर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत. एकाच फोल्डरचा बॅकअप दोन प्रोग्रॅम घेत असतील तर पहिला खूण काढून टाकतो आणि दुसऱ्याला वाटतं काही बदललंच नाही. बॅकअपची डिस्क उद्या खराब झाली तरी मूळ फायलींवरच्या खुणा गेलेल्याच असतात, म्हणून नव्या डिस्कवर त्या फायली कधीच जात नाहीत. हे भगदाड महिनोन्महिने लक्षात येत नाही. त्यापेक्षा तारखेवरून ठरवणारी आज्ञा बरी:

एक्सकॉपी "डी:\कागदपत्रे" "ई:\बॅकअप" /डी /ई /एच /आर /वाय /आय

/डी म्हणजे बॅकअपमध्ये नसलेल्या किंवा तिथल्यापेक्षा नव्या असलेल्याच फायली, /ई म्हणजे रिकाम्यांसह आतले सगळे फोल्डर, /एच लपलेल्या फायलींसह, /आर म्हणजे बॅकअपमधल्या रीड-ओन्ली फाइलवरही लिही, /वाय म्हणजे प्रत्येक वेळी विचारू नको, /आय म्हणजे पुढचं नाव फोल्डरचं आहे असं समज. प्रतींवर रीड-ओन्ली टिकवायचं असेल तर /के जोडा. ते नसेल तर एक्सकॉपी प्रतीवरचा आर काढून टाकते. मूळ जागी पुसलेली फाइल बॅकअपमधून जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

खरं कुलूप : परवानगी

एनटीएफएस डिस्कवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचं पान असतं. कोणत्या वापरकर्त्याला वाचता, लिहिता, पुसता येईल ते तिथे लिहिलेलं असतं आणि विंडोज ते सक्तीने पाळतं. फॅट32 किंवा एक्सफॅट पेन ड्राइव्हवर हे पानच नसतं, कारण तिथे कुलपाची सोय नाही.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून नव्याला लावली आणि ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ आलं, तर अ‍ॅट्रिब कितीही वेळा चालवून उपयोग नाही. कुलूप जुन्या कॉम्प्युटरवरच्या वापरकर्त्याच्या नावे आहे. सिक्युरिटीच्या पानावर त्याचं नाव न दिसता एस-1-5-21 ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो, कारण नवा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. फोल्डर उघडताना येणारं ‘कंटिन्यू’ बटण बहुधा पुरतं. नाहीच तर सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, मालकासमोर चेंज, तिथे आपलं नाव, आणि आतल्या सगळ्या फोल्डरचा मालक बदलायची टिक लावा. त्यानंतर स्वतःला परवानगी द्या. डिस्क मोठी असेल तर याला बराच वेळ लागतो, मध्येच खिडकी बंद करू नका.

एन्क्रिप्ट करताना

प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड बटणामागे ‘एन्क्रिप्ट’ची, म्हणजे फाइल किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याची, टिक आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत ती फिकट असते, प्रोमध्ये चालते. इथे पाटी आणि कुलूप एकत्र येतात आणि किल्ली तुमच्या वापरकर्ता खात्यात साठवली जाते. त्या किल्लीची, म्हणजे सर्टिफिकेटची, प्रत बाहेर न काढता विंडोज नव्याने टाकलं तर त्या फायली कुणालाही उघडता येत नाहीत, दुरुस्तीवाल्यालाही नाही. दुसऱ्या कुणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने तुमच्या खात्याचा पासवर्ड बाहेरून बदलला तरी तेच होऊ शकतं. ही टिक लावली की लगेच ‘सायफर /एक्स’ आज्ञेने किल्लीची प्रत घ्या आणि ती त्या कॉम्प्युटरबाहेर ठेवा.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवण्याची सोय, वापरत असाल तर अ‍ॅट्रिबच्या यादीत आणखी दोन अक्षरं भेटतील. पी म्हणजे ही फाइल कायम इथे ठेव, यू म्हणजे जागा मोकळी कर, मूळ प्रत इंटरनेटवर आहे. यू असलेली फाइल नेट नसताना उघडत नाही. गावाला निघण्याआधी हवा तो फोल्डर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा आणि सगळं उतरून होईपर्यंत, म्हणजे चिन्हावरची हिरवी टिक भरीव दिसेपर्यंत, कॉम्प्युटर बंद करू नका.